तारांनंतरचा रिटेनर: घालायचा कसा, धुवायचा कसा आणि हरवायचा नाही कसा

माझ्या दातांना तारा दोनदा लागल्या. पहिल्यांदा नववीत, दुसऱ्यांदा एकतिसाव्या वर्षी. दुसऱ्या खेपेचं कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ते माहेरच्या कपाटात, जुन्या राख्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या डब्यात पडून होतं: गुलाबी अ‍ॅक्रिलिकची, पुढून तार गेलेली प्लेट, म्हणजे रिटेनर, तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायचा. बारावीपर्यंत ती नेमाने घातली. हॉस्टेलवर गेल्यावर आठवड्यातून दोनदा. मग "परीक्षा संपली की घालू". आणि एके रात्री घालायला गेले तर बसेना. जोर लावला, हिरडी दुखली, प्लेट डबीत गेली ती गेलीच. पुढच्या दहा-बारा वर्षांत खालचे दोन दात एकमेकांच्या खांद्यावर चढले आणि वरचा एक तिरका झाला.

आता दुसऱ्यांदा तारा निघून बरेच दिवस झालेत, आणि माझ्या भाचीच्याही नुकत्याच निघाल्यात. तिच्या आईचे फोन येतात, "अगं, हे गरम पाण्यात घालायचं का?", "लग्नाला जाताना काढून ठेवलं तर चालेल का?" हा लेख त्या फोनांवरच्या उत्तरांचा. मी दंतवैद्य नाही, त्यामुळे तासांच्या बाबतीत तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे तारा लावणाऱ्या दंतवैद्याने, सांगितलं असेल तेच खरं. पण एक गोष्ट मला नववीत कुणी नीट सांगितली असती तर एका ट्रीटमेंटचे पैसे वाचले असते: रिटेनर घालताना किती घट्ट लागतो, त्याकडे लक्ष द्या. किती महिने, किती वर्षं याची उत्तरं डॉक्टरागणिक थोडी बदलतात. दात हलतोय की जागेवर आहे, हे मात्र त्या घट्टपणावरून घरबसल्या कळतं, आणि तेही डोळ्यांना वाकडेपणा दिसायच्या बरंच आधी.

दात परत का सरकतात

दात हाडात सिमेंटने बसवलेले नसतात. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी जागा असते आणि ती तंतूंनी भरलेली असते. या तंतूंवर दात झोळीत बसवल्यासारखा टांगलेला असतो. तारांनी दात ढकलला की एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं भरत जातं. तारा काढल्या त्या दिवशी दात दिसायला सरळ असतो, पण भोवतीचं सगळं अजून कच्चं असतं. मुळाभोवतीच्या तंतूंची नवी घडी बसायला 3-4 महिने लागतात, हिरडीतल्या तंतूंना 4-6 महिने. हिरडीतले काही लवचीक तंतू तर वर्षभर जुन्या जागेची ओढ धरून असतात. म्हणून जो दात वळलेला होता आणि फिरवून सरळ केला, तो परतायला सगळ्यात आतुर असतो. ओला पंचा पिळून ठेवावा तसे ते तंतू ताणलेले असतात आणि पीळ सुटायला बघतो. पुढच्या दोन दातांमधली फट बंद केली असेल तर तीही अशीच चिवट.

वर्ष झालं म्हणजे सुटका, असंही नाही. वय वाढतं तसे खालचे पुढचे दात हळूहळू दाटीवाटीला येतात, आणि ज्यांनी आयुष्यात तारा लावल्या नाहीत त्यांचेही येतात. आजीच्या खालच्या दातांकडे एकदा बघा. (याचा दोष अक्कलदाढेला द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, पण अक्कलदाढ नसलेल्यांचेही दात असेच दाटतात.) म्हणून आजकाल बहुतेक ऑर्थोडॉन्टिस्ट सांगतात की दात सरळ हवेत तोवर रात्रीचा रिटेनर. ऐकायला जन्मठेप वाटते. प्रत्यक्षात चष्मा काढून झोपण्याइतकी सवयीची गोष्ट होते, फक्त उलटी.

तुमच्याकडे कोणता आहे?

आपल्याकडे याला कुणी प्लेट म्हणतं, कुणी क्लिप. प्रकार मुख्यतः तीन.

पहिला माझ्या कपाटातला, हॉली रिटेनर. चार्ल्स हॉली या अमेरिकन दंतवैद्याने शंभरेक वर्षांपूर्वी तो काढला आणि अजूनही तो तसाच चालतो. टाळूला टेकणारं अ‍ॅक्रिलिक, पुढच्या दातांवरून जाणारी तार, दाढांना पकडणाऱ्या दोन कड्या. दिसतो, पण टिकतो. सैल झाला तर डॉक्टर तार वळवून पुन्हा घट्ट करून देतात.

दुसरा पारदर्शक. दातांच्या साच्यावर साधारण मिलिमीटरभर जाडीचा प्लास्टिकचा पत्रा गरम करून ओढून बसवतात. घातलेला फारसा कळत नाही, म्हणून तरुण मंडळींना हाच हवा असतो. नाजूक असतो, उष्णतेला घाबरतो, रात्री दात खाणाऱ्यांच्या तोंडात लवकर झिजतो. एकदा चिरला की दुरुस्ती नाही, नवाच करायचा.

तिसरा कायमचा. पुढच्या दातांच्या मागे, बहुधा खालच्या सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, पीळ दिलेली बारीक तार चिकटवलेली असते. घालायची-काढायची कटकट नाही. त्याची कटकट वेगळी आहे, ती खाली सांगते.

खाली चिकटवलेली तार आणि वर काढता येणारा रिटेनर, अशी जोडी बरेच डॉक्टर देतात. माझ्याकडे सध्या तीच आहे.

घालणं आणि काढणं

यात चूक झाली की रिटेनर वर्षभरात मोडतो, म्हणून थोडं सावकाश सांगते.

हात धुवा. रिटेनर पाण्याखाली ओला करा, कोरडा सरकत नाही. पारदर्शक असेल तर आधी पुढच्या दातांवर टेकवा, मग बोटांच्या पेरांनी दोन्ही बाजूंना दाढांकडे दाबत जा. शेवटी "टक्" असा बारीकसा आवाज येतो किंवा जाणवतो. दात चावून बसवू नका. ही सवय सगळ्यांना लागते, कारण सोपी आहे, आणि बहुतेक चिरा तिथूनच सुरू होतात. हॉली असेल तर दोन्ही अंगठे टाळूच्या भागावर ठेवून वर दाबायचा. खालचा असेल तर तर्जनींनी खाली.

काढताना उलटा क्रम. पारदर्शक रिटेनर मागून सोडवायचा: एका बाजूच्या शेवटच्या दाढेजवळ आतल्या अंगाने नख किंवा बोट अडकवून थोडा सैल करा, मग दुसऱ्या बाजूने तसंच, आणि मग पुढून उचला. एकाच बाजूने ओढत आणला की तो मध्यावर पिळतो. नखं वाढवणाऱ्यांनी जरा जपून. हॉली काढताना पुढची तार धरून ओढायची नाही. हात आपसूक तिथेच जातो, कारण ती समोर असते; पण ती तार दाताला टेकलेली राहावी म्हणून आहे, मूठ म्हणून नाही. मागच्या दोन कड्यांना बोटं लावून दोन्हीकडून एकदम खाली आणा.

पहिले चार-पाच दिवस तोंडाला सुटलेलं पाणी थांबत नाही. तोंडात काहीतरी खाऊ आलाय अशी लाळेची समजूत होते. जीभही अडखळते, विशेषतः हॉलीत, कारण टाळूच्या जागी प्लास्टिक आलेलं असतं. स, श, च, ज हे उच्चार बोबडे येतात. उपाय एकच, मोठ्याने बोलायचं. भाचीला मी "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" म्हणायला लावलं. पहिल्या दिवशी राळ्यांचं पिठलं झालं, पाचव्या दिवशी ती माझ्यापेक्षा भरभर म्हणत होती. गप्प बसणाऱ्यांचा बोबडेपणा जास्त दिवस टिकतो.

किती तास?

सर्वसाधारण पद्धत अशी: पहिले 3 ते 6 महिने दिवसरात्र, म्हणजे खाणं आणि दात घासणं सोडून साधारण 20-22 तास. नंतर फक्त रात्री. काही ऑर्थोडॉन्टिस्ट पहिल्या दिवसापासूनच फक्त रात्री घालायला सांगतात, आणि काही दातांच्या बाबतीत तेवढं पुरतंही. म्हणून मैत्रिणीच्या डॉक्टरांचं वेळापत्रक स्वतःला लावू नका. तिच्या फक्त फटी होत्या, तुमचा सुळा नव्वद अंशांत फिरवलेला असेल.

आता घट्टपणाची गोष्ट. रात्री रिटेनर घालताना काय होतं ते बघा.

सहज बसला, दाब जाणवला नाही: दात जागेवर आहेत. निजा.

घट्ट लागला, पण पूर्ण बसला आणि दहा-पंधरा मिनिटांत दाब उतरला: दात किंचित हलले होते, रिटेनर त्यांना परत नेतोय. म्हणजे तुमचे सध्याचे तास तुमच्या दातांना कमी पडताहेत. रोज रात्री घालत असूनही रोज असंच वाटत असेल तर आठवडाभर दिवसाही घाला. एक रात्र चुकली आणि दुसऱ्या रात्री घट्ट लागला, तर "एक दिवसाआड घातला तर चालेल का" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या दातांनीच दिलं: नाही.

घट्ट आहे आणि एखाद्या दातापाशी पूर्ण बसतच नाही: आरशासमोर उभं राहून मोबाइलचा टॉर्च मारा. पारदर्शक रिटेनरमध्ये दाताच्या टोकाशी आणि प्लास्टिकमध्ये हवेची पोकळी दिसेल. ही थांबायची खूण. जोर लावून रिटेनर चिरेल किंवा हिरडीला जखम होईल, दात काही परत येणार नाही. डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा. थोडंच सरकलं असेल तर सुधारण्याजोगं असतं. मी नेमकी इथेच प्लेट डबीत टाकली होती.

आणि सैल लागला, जिभेने हलतो: दातांचा दोष नाही. रिटेनर उष्णतेने वाकलाय, कुठेतरी चिरलाय किंवा हॉलीची कडी उघडलीय.

चुकलेल्या दिवसांचाही हिशेब यावरच करा. दोन रात्री राहिल्या तर आज घालून झोपा, उद्याही दिवसभर ठेवा. आठवडा गेला तर हलक्या हाताने घालून बघा. पूर्ण बसत असेल तर दाब जाईपर्यंत काही दिवस 20-22 तास. महिना उलटला असेल तर घरी झटापट करण्यापेक्षा फोन करून वेळ घ्या. डॉक्टर रागावतील या भीतीने अजून महिना घालवू नका. माझ्या डॉक्टरांनी नुसतं "हं" म्हटलं होतं.

रोजची धुलाई

रिटेनर तोंडातून काढला की लगेच पाण्याखाली धरा. सगळ्या स्वच्छतेत हे एक पाऊल निम्मं काम करतं. लाळ वाळली की तिचा चिकट थर बसतो, त्यात जंतू घर करतात, आणि मग तो वास. "रिटेनरला वास येतो" ही तक्रार बहुधा वाळलेल्या लाळेची असते.

सकाळची पद्धत, जी मला दीड मिनिटात होते:

1. बेसिनमध्ये घडी केलेला नॅपकिन पसरा, किंवा मगात पाणी घेऊन त्यावर धरून धुवा. साबणाने रिटेनर निसटतो आणि बेसिनवर पडून त्याचे दोन तुकडे होतात.
2. थंड किंवा जेमतेम कोमट पाणी घ्या.
3. वेगळा मऊ ब्रश ठेवा. लहान मुलांचा ब्रश छान बसतो. त्यावर बिनवासाच्या हँडवॉशचा किंवा भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब.
4. आतली, म्हणजे दातांना टेकणारी बाजू आधी घासा. बाहेरची बाजू दिसते म्हणून सगळे तीच चमकवतात. हॉलीत तार अ‍ॅक्रिलिकमध्ये शिरते ती जागा, तिथे पिवळट थर साचतो.
5. साबणाची चव जाईपर्यंत खळखळून धुवा.
6. दात घासल्याशिवाय परत घालू नका. पारदर्शक रिटेनर दातावर टोपीसारखा बसतो. आत राहिलेला कण रात्रभर तिथेच कुजतो, कारण तो धुऊन न्यायला लाळ पोचत नाही.

टूथपेस्ट नको. तिच्यात दात घासण्यापुरती खर असते, ती मऊ प्लास्टिकवर बारीक ओरखडे पाडते. काचेसारखा रिटेनर महिन्याभरात धुरकट होतो आणि ओरखड्यांत मळ बसतो. टूथपेस्टच नको तर राखुंडी, काळं दंतमंजन, मीठ यांचा प्रश्नच नाही. सॅनिटायझर, स्पिरिट, ब्लीचही नको.

गरम पाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या घरांत "उकळलं की शुद्ध" हा नियम पक्का आहे. माझ्या दुसऱ्या खेपेचा पहिला पारदर्शक रिटेनर आईने प्रेमाने, बाळाची बाटली उकळतात तसा पातेल्यात टाकला. दोन मिनिटांनी चिमट्याने बाहेर काढला तेव्हा तो शेवग्याच्या सालीसारखा आत वळला होता. उष्णतेनेच घडवलेली वस्तू ती, उष्णतेनेच बिघडणार. हीच गत विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या डबीची होते, आणि गॅसजवळच्या खिडकीतल्या डबीचीही.

आठवड्यातून एकदा-दोनदा रिटेनर किंवा कवळी साफ करायच्या फेसाळ गोळ्या वापरता येतात. पाकिटावर लिहिलंय तेवढाच वेळ बुडवा आणि नंतर भरपूर धुवा. यातल्या अनेक गोळ्यांत परसल्फेट असतं आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. हिरड्या चुरचुरल्या, ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं तर गोळी बंद. गोळी तोंडात टाकायची नाही, हे घरातल्या लहानांना आणि आजोबांनाही सांगून ठेवा. ती सोड्याच्या गोळीसारखीच दिसते.

गोळ्या नकोत तर कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, वास जातो. पांढरे डाग धरले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग, पंधरा मिनिटं, तेही अधूनमधून. तार असलेला हॉली व्हिनेगरमध्ये विसरू नका, धातू खराब होतो. खरखरीत पांढरा थर मात्र लाळेतल्या कॅल्शियमचा असतो, दातांवर बसतो तोच किटण. तो कडक झाला की कशाने घासून जात नाही. नखाने खरवडत बसू नका. तपासणीला जाताना रिटेनर बरोबर न्या, क्लिनिकमधल्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये बराचसा निघतो.

खाणं, चहा आणि हळद

नियम सोपा आहे: साधं पाणी सोडून काहीही तोंडात जायचं असेल तर रिटेनर बाहेर.

हा नियम मोडतो तो चहाला. "एक घोटच तर आहे" म्हणून माणूस रिटेनरसकट चहा पितो. गरम चहाने प्लास्टिक सैलावतं आणि चहाचा रंग बसतो तो वेगळाच. हळद तर चहाच्या वरचढ. पोह्याचा एक घास रिटेनर घालून खाल्ला तरी कडा पिवळ्या होतात आणि तो पिवळेपणा निघता निघत नाही. उसाचा रस, कोकम सरबत, कोल्ड्रिंक ही मंडळी आणखी वाईट: साखर आणि आंबट दोन्ही टोपीच्या आत अडकून दाताला बिलगून राहतं. दात सरळ पण किडलेले, असा सौदा होतो.

जेवल्यावर घरी असाल तर ब्रश करा. ऑफिसात, शाळेत जमत नसेल तर खळखळून चूळ भरा, रिटेनर धुवा, घाला, आणि घरी आल्यावर नीट घासा. दर वेळी ब्रश मिळेपर्यंत रिटेनर बाहेर ठेवू म्हणणाऱ्यांचे दिवसाचे तास कधी भरत नाहीत.

दिवसभर घालायच्या दिवसांत चरत राहायची सवय आपोआप सुटते. डब्यातला चिवडा दहा वेळा तोंडात टाकायचा तर दहा वेळा रिटेनर काढावा लागतो. माझं दीड किलो वजन उतरलं, पण ते ऑर्थोडॉन्टिस्टच्या बिलात धरलेलं नव्हतं.

हरवू नये म्हणून

रिटेनर मोडण्यापेक्षा हरवतो जास्त, आणि हरवण्याची जागा ठरलेली असते: कागदी नॅपकिन. मागच्या लग्नात भाचीने जेवायला बसताना रिटेनर काढून नॅपकिनमध्ये गुंडाळला आणि पानाच्या डाव्या बाजूला, मिठाच्या जवळ ठेवला. मठ्ठा झाला, विडा झाला, सगळे उठले. वाढप्याने पंगत उचलली. अर्ध्या तासाने तिने ओठांवर हात नेला आणि चेहरा पडला. मग कार्यालयाच्या मागच्या अंगणात मी, तिची आई आणि पैठणीचा पदर खोचलेली तिची आत्या, अशा तिघी उष्ट्या पानांच्या ढिगात हात घालून बसलो. सापडला, जिलबीच्या पाकात चिकटलेला. दर वेळी सापडत नाही.

तेव्हापासून घरात नियम: रिटेनरला जागा दोनच, तोंड किंवा डबी. नॅपकिन नाही, शर्टाचा खिसा नाही, उशीखाली नाही, बेसिनची कड नाही. डबी भडक रंगाची घ्या, भोकं असलेली, म्हणजे आत दमटपणा साचत नाही. आत पट्टीवर नाव आणि आई-बाबांचा मोबाइल नंबर. एक डबी दप्तरात, एक घरी. डबीही आठवड्यातून एकदा साबणाने धुवायची असते, हे सगळे विसरतात. मी एकदा उघडून वास घेतला आणि नंतर कधी विसरले नाही.

घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर. लाळेच्या वासाने त्यांना रिटेनर म्हणजे खाऊच वाटतो. कबड्डी, फुटबॉल खेळताना आणि पोहताना काढून ठेवा. समुद्रात तर नक्कीच. लाट तोंडावर आली की तो गेला.

मागे चिकटवलेली तार

या रिटेनरचा धोका असा की तो विसरायला होतो. दात घासताना पुढून चमकतात, मागे तारेखाली किटण साचत जातं आणि हिरडी सुजते. ब्रश उभा धरून टोकाच्या केसांनी दातांची मागची बाजू घासा. दातांच्या फटीत मावेल अशा मापाचा बारीक इंटरडेंटल ब्रश तारेखालून फिरवा. आणि दिवसातून एकदा फ्लॉस. दोरा वरून जात नाही कारण तार आडवी येते, म्हणून फ्लॉस थ्रेडर घ्यायचा, म्हणजे मोठ्या नेढ्याची लवचीक प्लास्टिकची सुई. दोरा ओवा, सुई दोन दातांमधून तारेच्या खालून आत घाला, जिभेच्या बाजूने ओढून घ्या, दोरा एका दाताला बिलगवून वरखाली करा, मग शेजारच्या. पहिल्या दिवशी सहा दातांना मला पंधरा मिनिटं लागली आणि आरशावर थुंकी उडाली. आता चार मिनिटं लागतात.

पुढच्या दातांनी टणक काही तोडायचं नाही. आपल्याकडची यादी मोठी आहे: ऊस, चिक्की, कडक तिळगूळ, कच्चा पेरू, कैरी, मक्याचं कणीस, सुकं खोबरं, मटणाचं हाड. कापून, सोलून दाढेने खा. कणसाचे दाणे सोलून घ्या, मजा जाते हे मान्य आहे.

महिन्यातून एकदा तपासणी: टॉर्च, आरसा आणि जीभ. प्रत्येक दातावरचा चिकटवलेला ठिपका जिभेने चाचपा. एखाद्या दातावरचा ठिपका सुटला तरी तार जागेवरच दिसते आणि काही दुखतही नाही. तो दात मात्र मोकळा सुटलेला असतो. क्वचित तारच वाकते आणि मग ती दाताला धरून ठेवायच्या ऐवजी हळूहळू फिरवत नेते. म्हणून ठिपका सुटलेला कळला की "पुढच्या महिन्यात बघू" नको. तोवर वरून घालायचा जुना रिटेनर बसत असेल तर तो घाला. तार टोचत असेल तर तारांच्या काळात दिलेलं मेण तिथे लावा, पण पक्कड किंवा नेलकटर घेऊन कापायला जाऊ नका. डोक्याचा किंवा जबड्याचा एमआरआय काढायचा असेल तर तिथल्या तंत्रज्ञाला तारेबद्दल आधी सांगा, धातूमुळे चित्रावर सावली येऊ शकते.

नवा कधी, आणि आधी काय मागून घ्यायचं

पारदर्शक रिटेनर साधारण एक ते तीन वर्षं चालतो. दात खाणाऱ्यांचा त्याहून कमी. हॉली नीट वापरला तर कितीतरी जास्त. उजेडात धरून बघा: चीर, भोक, दाढेपाशी पातळ झालेला भाग किंवा सैलपणा दिसला की नवा करायची वेळ आली. तुटलेला फेव्हिक्विकने जोडू नका. आणि हॉलीची तार यूट्यूब बघून घरी वळवू नका.

दाताला कॅप बसवायची किंवा मोठं फिलिंग करायचं असेल तर आधी दंतवैद्याला रिटेनर दाखवा. दाताचा आकार बदलला की जुना रिटेनर बसत नाही. रूट कॅनॉल आणि कॅपच्या धावपळीत हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तीन आठवड्यांनी कॅप तयार होते तोवर शेजारचे दात फिरलेले असतात. अक्कलदाढ येत असेल तर तीही दाखवून घ्या.

तारा काढायच्या दिवशी आनंदात आपण काही विचारत नाही. विचारा: माझ्या दातांचा साचा किंवा डिजिटल स्कॅन किती दिवस ठेवणार? स्कॅनची फाइल मिळेल का? ती मागून घ्या आणि ईमेलवर ठेवून द्या. दात हललेले नसतील तर त्याच फाइलवरून नवा रिटेनर करता येतो. शिकायला परदेशी जाणाऱ्यांनी तर जायच्या आधी एक जास्तीचा करूनच घ्यावा. तिकडे दातांचं काहीही करायला किती खर्च येतो हे तिथे गेलेल्या कुणालाही विचारा. इथे खासगीत परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय इथे ऑर्थोडॉन्टिक्स विभाग आहेत. वेळ जास्त जातो, खर्च बराच कमी होतो. जाताना जुने कागद आणि जुना रिटेनर दोन्ही न्या.

नवा मिळाला तरी जुना, अजून बसत असेल तर, धुऊन डबीत ठेवून द्या. माझा जुना प्रवासाच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात असतो, सेफ्टी पिना आणि क्रोसिनच्या शेजारी. गेल्या गणपतीत कोकणात नवा घरी विसरले होते, तेव्हा पाच रात्री त्यानेच काढल्या. पहिल्या रात्री थोडा घट्ट लागला, पण बसला.